संगणक, यंत्र आणि मधला सांधा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कळस येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी यंदाच्या व्याख्यानासाठी माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास पाचारण केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. अशा प्रसंगी संतचरित्र, कुलाचार किंवा विवाहातील काटकसर यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडील प्रघात आहे. ते विषय महत्त्वाचे आहेतच. तथापि आज मी आपणांशी एका यंत्राविषयी बोलणार आहे; आणि तेही संपूर्ण यंत्राविषयी नव्हे, तर त्याच्या एका लहानशा भागाविषयी. तळहातावर मावेल एवढी ती पट्टी असते. एका बाजूने ती यूएसबीच्या तारेने संगणकास जोडतात आणि दुसऱ्या बाजूने यंत्राच्या मोटारींस. तिला मोशन कंट्रोलर, म्हणजे गतिनियंत्रक, म्हणतात.

सुतार-लोहारांच्या मेळाव्यात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, अलीकडे आपल्या समाजातील अनेक तरुणांनी लाकडावर नक्षी कोरणारी छोटी सीएनसी यंत्रे घेतली आहेत. कोणी हौसेने घरीच जुळविली, तर कोणी कर्ज काढून विकत आणली. ही गोष्ट अभिमानाची आहे. पण तिच्यात एक धोकाही आहे. यंत्र घरात आले म्हणजे विद्या घरात आली, असे होत नाही. ज्याला यंत्राचे अंतरंग ठाऊक नाही, तो त्या यंत्राचा मालक नसतो. तो फक्त त्याचे हप्ते भरणारा असतो.

सुताराची परीक्षा कशात होते, हे या सभेत सांगावयास नको. रंधा कोणीही मारील, खिळा कोणीही ठोकील. पण खाच आणि कुसू एकमेकांत अशी बसावीत की मध्ये केसही शिरू नये, हे काम जाणत्याचे. लाकूड कितीही चांगले असो, सांधा ढिला असेल तर दार लोंबते. संगणक आणि यंत्र यांच्यामध्येही असाच एक सांधा आहे, आणि तो म्हणजे हा गतिनियंत्रक. सांधा ज्याला कळला, त्याचेच यंत्र. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. पुढे जे सांगतो, ते त्याचे विवरण.

प्रथम थोडे मागे पाहू. आपल्या वाडवडिलांनी नांगर, कुळव, पाभर आणि बैलगाड्या घडविल्या आणि खळ्यावर बलुते घेतले. तुंबा, आरे आणि धाव यांचे ज्ञान हीच त्यांची जमीन होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बाजारात आणला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. लक्ष्मणराव आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखनाचे शिक्षक होते, हे एक शिक्षक म्हणून मला नेहमी स्मरते. लोखंडी नांगर आला तसा लाकडी नांगर मागे पडत गेला. पुढे ट्रॅक्टर आला आणि गाडीही गेली. त्या स्थित्यंतरात ज्यांनी लेथ आणि वेल्डिंग आत्मसात केले, ते मिस्त्री झाले; ज्यांना ती संधी मिळाली नाही, ते मजूर झाले. दोघांच्याही हातांत कसब सारखेच होते. फरक पडला तो नवे ज्ञान हाती येण्यात. आज पुन्हा तशीच वेळ आली आहे, असे मला वाटते.

आता यंत्राकडे वळू. सीएनसी म्हणजे संगणकाने अंकांच्या साहाय्याने चालविलेले यंत्र. अमेरिकेतील जॉन पार्सन्स हा हेलिकॉप्टरची पाती बनविण्याच्या व्यवसायात होता. पात्याचा बाक अचूक कापता यावा म्हणून हत्याराने कोठे कोठे जावे याचे आकडे काढावेत आणि ते यंत्रास द्यावेत, ही कल्पना त्याची. त्या कल्पनेवर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम झाले आणि १९५२ साली असे पहिले यंत्र चालवून दाखविण्यात आले. त्यास आज्ञा मिळत त्या भोके पाडलेल्या कागदी फितीतून. पुढे फितीची जागा संगणकाने घेतली, आणि बडे कारखाने अशा यंत्रांवर चालू लागले. आपल्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचेच उदाहरण घ्या. शेठ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्यापासून आरंभ केलेल्या त्या वसाहतीत पुढे साखर आणि सिमेंट कारखान्यांची अवजड यंत्रसामग्री बनू लागली. आणि २०२३ साली चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या अग्निबाणाच्या बूस्टरचे भागही तेथे घडले. ज्या परिसरात आपले आजे पाभरीचे दाते तासत, त्याच परिसरात हे घडले आहे.

पण ती मोठी यंत्रे आणि त्यांचे नियंत्रक सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. आता घरगुती सीएनसी यंत्र शक्य झाले ते मुख्यतः स्वस्त मोटारी आणि स्वस्त गतिनियंत्रक यांच्यामुळे.

या यंत्राची रचना आपणांस सहज समजेल. लोखंडाची किंवा ॲल्युमिनिअमची एक चौकट असते. तिच्यावर फिरते हत्यार डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकते. या तीन दिशांना तीन अक्ष म्हणतात. प्रत्येक अक्षाला आट्यांचा एक दांडा असतो, आणि तो दांडा स्टेपर जातीची मोटार फिरविते. ही मोटार आपल्या नेहमीच्या मोटारीप्रमाणे गरगर फिरत नाही. विजेचा एक स्पंद आला की ती एक पाऊल टाकते. एका फेऱ्यास साधारणपणे २०० पावले. मोटारीस वीज पुरविणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो असे धरले, तर एका फेऱ्यास १,६०० स्पंद लागतात. दांड्याच्या एका फेऱ्यात हत्यार ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एका मिलिमीटरला ३२० स्पंद झाले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर एक इंचाचे आठ सूत, आणि एका सुतात १,०१६ स्पंद! पेन्सिलीच्या टोकाने सूत साधणाऱ्या आपल्या वडिलांनी हा हिशोब ऐकला असता, तर त्यांनी समाधानाने मान डोलावली असती.

आता वेगाचा हिशोब पाहा. मिनिटाला १,२०० मिलिमीटर हा लाकडात चालणारा मध्यम वेग आहे. म्हणजे सेकंदाला २० मिलिमीटर, आणि त्यासाठी सेकंदाला ६,४०० स्पंद. हे स्पंद केवळ संख्येने पुरे असून भागत नाही. ते समान अंतराने पडावे लागतात. अंतर चुकले की मोटार अडखळते, तिचे पाऊल हुकते. शिवाय तिरपी रेघ कोरावयाची असेल, तर दोन मोटारींनी एकमेकींचा ताल सांभाळावा लागतो. एक मागे राहिली तर सरळ रेघ वाकडी होते आणि वर्तुळाचे अंडे होते.

पूर्वी संगणकाच्या मागे छपाईयंत्रासाठी २५ टाचण्यांचे एक समांतर द्वार, म्हणजे पॅरलल पोर्ट, असे. हौशी लोक त्याच टाचण्यांतून थेट स्पंद काढून मोटारी चालवीत. कालांतराने संगणकांवरून ते द्वार नाहीसे झाले आणि सर्वत्र यूएसबी आली. तिचा अवतार १९९६ सालचा. आता पुष्कळांचा असा समज होतो की, जुनी तार काढली आणि नवी लावली की काम झाले. तेथेच खरी मेख आहे. यूएसबीतून स्पंद जात नाहीत. माहितीची गाठोडी जातात. तिच्या पूर्णगती नावाच्या प्रकारात संगणक सेकंदाचे हजार भाग पाडतो आणि त्या त्या भागात गाठोडी धाडतो. एका भागात आपणांस सहाहून अधिक स्पंद हवे आहेत, आणि तेही समान अंतराने. शिवाय संगणकाचे लक्ष एकाच कामावर नसते. तो मध्येच पडदा रंगवितो, टपाल तपासतो, आपली डागडुजी काढून बसतो. अशा अनेक व्यवधानांच्या माणसाच्या हाती ताल सोपविता येत नाही.

यावर काढलेली तोड आपणां बलुतेदारांना परकी नाही. पाभरीची पेरणी आठवा. घरधनी पोते आणून बांधावर टाकतो. पेरणारी बाई त्यातून ओटी भरून घेते, आणि चाड्यावर मूठ धरून बैलांच्या चालीप्रमाणे दाणे सोडीत जाते. पोते केव्हा आले, घाईने आले की सावकाश, याचा मोघणीशी संबंध नसतो. ओटीत दाणे आहेत तोवर मुठीचा ताल बिघडत नाही. ओटी मात्र रिकामी पडता कामा नये; ती पडली की तासात खाडा पडतो. गतिनियंत्रक हा त्या बाईच्या जागी आहे. संगणक गाठोडी पाठवितो; नियंत्रक ती आपल्या ओटीत, म्हणजे स्मृतीत, साठवितो; आणि स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर एकेक स्पंद सोडतो. ताल सांभाळण्याचे काम संगणकाकडून काढून या लहानशा पट्टीकडे दिले, एवढीच त्यातील युक्ती आहे. थोर युक्त्या पुष्कळदा अशाच साध्या असतात.

संगणक जे पाठवितो, तेही गूढ नाही. त्या लिपीस जी-कोड म्हणतात. ‘जी१ एक्स१०० वाय५० एफ१२००’ या ओळीचा अर्थ असा की, मिनिटाला १,२०० मिलिमीटर वेगाने सरळ रेषेत त्या बिंदूवर जा, जेथे आडवे अंतर १०० आणि उभे अंतर ५० आहे. सातवीच्या मुलास आलेखाचा कागद दिला तर तो ही ओळ वाचू शकेल. नियंत्रक अशा ओळी वाचतो, पुढे वळण आहे का हे आधीच पाहून वेग कमी-अधिक करतो, आणि ओळ स्वीकारली की ‘ओके’ असा उलट निरोप देतो. त्यावरून संगणकास कळते की ओटीत आता जागा आहे.

या क्षेत्रात एक गोष्ट विशेष नमूद करण्यासारखी आहे. सिमेन स्वाले स्कोग्सरुड या नॉर्वेच्या गृहस्थाने २००९ साली ‘जीआरबीएल’ नावाची आज्ञावली लिहिली आणि ती सर्वांना मोफत खुली केली. ती चालते अर्डुइनो नावाच्या पट्टीवर. अर्डुइनोचा उगम इटलीतील इव्हरिया गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी झाला. तिच्या अर्डुइनो उनो या प्रकाराची कामचलाऊ स्मृती किती, तर २,०४८ अक्षरे. वहीच्या एखाद्या भरगच्च पानाएवढी! एवढ्या ओटीवर ती तीन अक्षांचा ताल सांभाळते. ज्याला इच्छा असेल, त्याने तिची ओळन् ओळ वाचावी, बदलावी आणि वापरावी. एके काळी विद्या घराण्याबाहेर जाऊ न देण्यात आपल्याकडे भूषण मानीत. या गृहस्थाने ती जगाच्या चावडीवर ठेवली. यापासून आपण काही बोध घ्यावा, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

विद्या खुली असूनही ती घेतली नाही, तर काय होते, याचे एक उदाहरण माझ्या घरातीलच सांगतो. माझ्या पुतण्याने दरवाजांवर नक्षी कोरण्यासाठी एक यंत्र विकत घेतले. ऐन लग्नसराईत ते बिघडले. दहा-पंधरा मिनिटे उत्तम चाले, आणि मग संगणकावर ‘संपर्क तुटला’ अशी सूचना येऊन मध्येच थांबे. सागाच्या दोन फळ्या वाया गेल्या. विक्रेता दूरध्वनी घेईना. अकरा दिवस काम बंद राहिले. अखेर शहरातून एक कारागीर आला, अर्ध्या तासात यंत्र चालू केले आणि साडेचार हजार रुपये घेऊन गेला. त्याने केले काय? यूएसबीची तार हत्यार फिरविणाऱ्या मोटारीच्या तारेबरोबर एकत्र बांधलेली होती, ती सोडवून दूर नेली. लांब तार काढून आखूड आणि जाळीचे कवच असलेली लावली. आणि यंत्राच्या चौकटीस जमिनीशी नीट अर्थिंग दिले. विक्रेत्याने जुळणी करतानाच हे करावयास हवे होते. त्या मोठ्या मोटारीच्या वेगनियंत्रकातून उठणारा विद्युत्-गोंगाट यूएसबीत शिरत होता आणि संभाषण तोडीत होता. पुतण्याचे नुकसान साडेचार हजारांचे नव्हे; वायदा चुकला आणि गिऱ्हाइकाचा विश्वास गेला, हे खरे नुकसान.

यास्तव ज्यांच्या घरी अशी यंत्रे आहेत, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अर्थिंग पक्के असावे. त्यावाचून यंत्रास हातही लावू नये. यूएसबीची तार आखूड, कवचाची आणि वीजवाहक तारांपासून अलग असावी. काम चालू असताना संगणकाने झोपी जाऊ नये, तशी योजना त्यात आधीच करून ठेवावी. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून संगणक आणि नियंत्रक यांना तरी बॅटरीचा आधार असावा. तेवढ्याने मोटारी चालणार नाहीत, पण संगणक आणि नियंत्रक एकदम बंद पडणार नाहीत. साध्या स्टेपर मोटारीस डोळे नसतात, हेही विसरू नये; तिचे पाऊल हुकले तर नियंत्रकास ते कळत नाही आणि पुढील सारी नक्षी सरकते. म्हणून प्रत्येक कामापूर्वी यंत्र मूळ स्थानी नेऊन आरंभबिंदू ताडून पाहावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपत्कालीन बटण. ते दाबताच मोटारींची आणि फिरत्या हत्याराची वीज थेट तुटली पाहिजे. संगणकास विनंती करून यंत्र थांबविण्याची सोय ही सोय नव्हे. कारण बोटे धोक्यात असतात तेव्हा संगणक दुसऱ्याच विचारात असू शकतो.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात की, यंत्र आले म्हणजे हाताची कला मेली. त्यांच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. परंतु विचार करा. यंत्राला लाकडाची नस कळत नाही. फळीत गाठ कोठे आहे, लाकूड मुरलेले आहे की ओले, कोरताना कपचा कोणत्या बाजूने उडेल, हे त्यास ठाऊक नसते. ते आंधळेपणाने आज्ञा पाळते. फळी निवडणारा, ती घट्ट आवळणारा, हत्याराचा वेग ठरविणारा आणि शेवटी पटाशीने कोपरा साफ करणारा माणूस जाणता लागतो. जो पटाशी जाणतो त्याच्या हाती हे यंत्र शोभते. जो जाणत नाही, तो त्यावर एकसारखी, निर्जीव नक्षी कोरीत राहतो. हातांचे ज्ञान आणि अंकांचे ज्ञान यांचाही सांधा बसला पाहिजे.

असा सांधा बसविणारी एक संस्था आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत शिकावे, हे त्यांचे सूत्र. शाळा सुटलेल्या खेड्यातील मुलांनाही तेथे सुतारकाम, वेल्डिंग, वीज, शेती यांचे शिक्षण मिळू लागले. २००२ साली एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅबलॅब, म्हणजे संगणकचलित यंत्रांची खुली कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या अशा कार्यशाळांपैकी ती एक होय. ज्या संस्थेत १९५२ साली अंकचलित यंत्राचा जन्म झाला, त्याच संस्थेची विद्या पन्नास वर्षांनी पाबळच्या माळावर आली. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. त्यांचे काम चालू राहिले.

मग आपण काय करावे? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली अशी की, मंडळाने या सभागृहाच्या मागील खोलीत एक लहान सीएनसी यंत्र ठेवावे. ते तयार विकत न घेता मुलांकडून जुळवून घ्यावे. जे हाताने जुळविले, ते बिघडले तरी भीती वाटत नाही. दर उन्हाळ्यात आठ दिवसांचा वर्ग भरवावा. आलेख, अपूर्णांक आणि जी-कोड शिकविण्याचे काम मी विनावेतन करीन. दुसरी सूचना अशी की, त्या वर्गाचे दार मुलींना उघडे असावे, आणि गावातील कोणत्याही जातीच्या मुलास उघडे असावे. जन्माने धंदा ठरण्याचे दिवस गेले, आणि ते गेले हे इष्टच झाले. हे मंडळ ज्ञातीचे असले, तरी विद्येला ज्ञाती नसते. तिसरी अशी की, ज्यांना भांडवल हवे त्यांनी सावकाराकडे जाण्यापूर्वी सरकारी योजनांची चौकशी करावी. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार आणि लोहार या दोहोंचा अंतर्भाव आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन हप्त्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे. मंडळाच्या चिटणीसांनी अर्ज भरण्यास साहाय्य करावे, अशी माझी विनंती आहे. मात्र यंत्र घेण्यापूर्वी त्याचा सांधा समजून घ्यावा. नियंत्रक कोणता आहे, त्याची आज्ञावली खुली आहे की बंद, तो बिघडल्यास दुसरा बसविता येईल काय, हे प्रश्न विक्रेत्यास विचारावेत. या प्रश्नांना जो टाळाटाळ करील, त्याच्याकडून यंत्र घेऊ नये.

आपल्या गावाचे नाव कळस आहे. सुताराच्या मुलास हे सांगावे लागत नाही की कळस दुरून दिसतो, पण तो उभा असतो दगडांच्या सांध्यांवर. आपल्या मुलांच्या हाती नवे यंत्र आले आहे. त्याचा सांधाही त्यांच्याच हाती यावा, अशी श्रीविश्वकर्म्याच्या चरणी प्रार्थना करतो.